चादरीआडची खुर्ची

मिरजेतल्या शाळा नंबर अकरात
तिसरीच्या वर्गात मतदान केंद्र.
माझ्या आदेशात काम एकाच ओळीत:
'पर्दानशीन मतदारांची ओळख पटवणे.'
खाली बारीक अक्षरात,
'आडोशाची व्यवस्था स्थानिक पातळीवर करावी.'

स्थानिक पातळी म्हणजे मी.
घरून चादर आणली होती, पोपटांची.
एक टोक कपाटाच्या कडीला,
दुसरं नकाशाच्या खिळ्याला.
महाराष्ट्र तिरका झाला,
चंद्रपूर फरशीला टेकलं.

सातला पहिली आली. नकाब वर केला.
मी यादी पाहिली, तिला पाहिलं, परत यादी.
इतक्या जवळून, इतकं कामापुरतं
मी कुणाच्या तोंडाकडे कधी पाहिलं नव्हतं,
नवऱ्याच्यासुद्धा.
"झालं," म्हटलं.
पोपट हलले. ती शाईच्या टेबलाकडे गेली.

दुपारपर्यंत एकशे बारा चेहरे.
घामानं चिकटलेल्या बटा,
एकीच्या हनुवटीला कणीक.
शिकलगारांची नाझनीन म्हणाली,
"बाई, ओळखलं नाही? सातच्या पाढ्याला
उभी करायचा मला, इथंच, खिडकीपाशी."
"आता येतो का?"
"अजून नाही."
सराफ कट्ट्यावरच्या मारवाडी आजींनी
घुंगटाखालून नाक तेवढं बाहेर काढलं.
"बस?"
"आजी, नुसत्या नाकावर मत देता येत नाही."
मग उघडला चेहरा, तिजोरी उघडावी तसा,
आणि लगेच बंद.

अडीचला एक एजंट उठून आला.
"मॅडम, आत काय चाललंय
आम्हालाही दिसलं पाहिजे."
त्याची भीती खोटी नव्हती.
मागच्या खेपेला त्याच्या वारलेल्या चुलतीच्या नावावर
कोणीतरी बोटाला शाई लावून गेलं होतं.
बुरखा नव्हता तिच्या अंगावर, साधा पदर होता.
मी म्हटलं, "आक्षेप घ्या, दोन रुपये भरा.
पावती मिळेल. चेहरा मिळणार नाही."
कुंभोजकर सरांनी चष्मा पुसला,
नियमांचं पुस्तक चाळलं,
आणि त्याला पाणी विचारलं.

चारच्या सुमाराला बिल्किस सतारमेकर.
यादीत जाड भुवया, भरलेले गाल.
समोर भुवयाच नाहीत.
पापण्या नाहीत. कातडी मेणासारखी.
मी यादीकडे पाहत राहिले.
चादरीपलीकडे रांग खोकत होती.
नियम सांगतो, जुळलं पाहिजे.
कशाशी, ते सांगत नाही.
तिनंच बोट ठेवलं,
नाकपुडीशेजारच्या तिळावर.
"हा राहिलाय. सहा केमो झाल्या, तरी."
मग नकाब खाली घेता घेता,
"घरात कुणाला दाखवत नाही मी.
सरकार म्हणालं, म्हणून दाखवला."
माझं 'झालं' त्या वेळी
जरा उशिरा निघालं.

रात्री दहाला यंत्रं जमा करायला गोदामावर.
ट्रकची धूळ, म्हणून मी तोंडाला स्कार्फ बांधलेला,
रोज स्कूटीवर बांधते तसा, फक्त डोळे बाहेर.
बारा वर्षं मला कोणी विचारलं नाही
की हे काय.
फाटकावर हवालदार.
"तोंड दाखवा मॅडम. ओळखपत्राशी जुळवायचंय."
बॅटरीचा झोत.
मागे साठ-सत्तर पुरुष, पेट्या घेऊन, कंटाळलेले.
लपवण्यासारखं काही नव्हतं माझ्याकडे,
तरी गाठ सोडताना
हात चुकला दोनदा.
बरोबरच होतं त्याचं. आत मतं होती.
मलाही नको होतं
की कुणीही तोंड बांधून आत शिरावं.
फक्त तो झोत
जरा खाली धरला असता, तर.

घरी येऊन चादर भिजत टाकली.
पिळताना दिसलं,
खिळ्यानं एका पोपटाला
डोळ्याच्या जागी भोक पडलंय.